पडद्यावरील चौकट आणि पडद्यामागील आज्ञावली

बँकेच्या संकेतस्थळावर, एटीएमच्या पडद्यावर किंवा शाखेत काउंटरमागे बसलेल्या अधिकाऱ्याच्या संगणकावर आपणांस रिकाम्या चौकटी दिसतात. नाव, खाते क्रमांक, रक्कम, पत्ता अशी त्यांची शीर्षके असतात. चौकटी भरून खालचे बटण दाबले की काम होते. परंतु हे काम पडदा स्वतः करीत नाही. आपण लिहिलेला मजकूर उचलून तो मागे दडलेल्या आज्ञावलीच्या हाती द्यावयाचा, एवढेच त्याचे कर्तव्य. ही आज्ञावली छोटी, सुटसुटीत आणि एखाद्याच कामापुरती लिहिलेली असेल तर संगणकाच्या व्यवहारात तिला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात.

पडद्याकडून स्क्रिप्टकडे होणारी ही देवघेव क्षणार्धात उरकते, त्यामुळे तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तथापि रक्कम भलतीकडे जाणे, पत्ता अर्धवट छापला जाणे, इतकेच नव्हे तर कोट्यवधी ग्राहकांची माहिती चोरीस जाणे, असे प्रकार नेमके याच जागी घडलेले आहेत. म्हणून ही देवघेव कशी चालते हे ग्राहक आणि कर्मचारी या दोघांनीही समजून घेणे उचित ठरेल. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. धनादेश भरता येणाऱ्या कोणालाही ती कळू शकते.

उदाहरणादाखल दिल्लीतील मयूर विहारचा पत्ता घेऊ. यमुनेच्या पूर्वेकडील या वसाहतीचे तीन टप्पे आहेत. टप्प्याला तेथे ‘फेज’ म्हणतात आणि दिल्ली विकास प्राधिकरणाच्या घरांच्या समूहाला ‘पॉकेट’. साहजिकच तेथील पत्त्यात घराच्या क्रमांकापुढे इंग्रजी अक्षर, मध्ये जोडरेघ किंवा तिरपी रेघ, मग पॉकेटचा आकडा, मग फेजचा आकडा आणि शेवटी पिन कोड अशी मालिका येते. फेजचा आकडा कित्येक ठिकाणी रोमन पद्धतीने, म्हणजे नुसती उभी रेघ काढून लिहिलेला असतो. टपाल वाटणारा पोस्टमन ती रेघ ‘एक’ अशीच वाचतो. संगणकाला मात्र ते इंग्रजी ‘आय’ अक्षर वाटते. माणसासाठी अगदी सरळ असलेला पत्ता यंत्रासाठी किती खाचखळग्यांचा असू शकतो, याचा मयूर विहार हा उत्तम नमुना आहे.

आता समजा, तेथील एका सहकारी गृहसंस्थेच्या कार्यालयाने मासिक देखभाल शुल्काच्या पावत्यांसाठी छोटीशी सोय करून घेतली. पडद्यावर एक खिडकी उघडते, तीत नाव, पत्ता व रक्कम अशा तीन चौकटी आणि ‘पावती तयार करा’ असे बटण. अशी खिडकी तयार करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात जॉन ऊस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये ‘टीसीएल’ ही स्क्रिप्टची भाषा आणि पाठोपाठ खिडक्या व बटणे रचणारा ‘टीके’ हा संच तयार केला, तेव्हापासून हे काम काही ओळींवर आले. लिनक्स संगणकावर ‘झेनिटी’ नावाचे साधन तर एका ओळीत अशी खिडकी उघडून देते. खिडकी झाली. खरा प्रश्न पुढेच आहे. चौकटीत लिहिलेले स्क्रिप्टपर्यंत न्यावयाचे कसे?

मजकूर नेण्याच्या वाटा

पहिली वाट म्हणजे आज्ञेसोबतच मजकूर देणे. शिपायाला हाक मारून ‘हे पत्र अमुक साहेबांना दे’ असे एका दमात सांगावे, तसे आज्ञावलीचे नाव आणि त्यापुढे तिला हवी असलेली माहिती एकाच ओळीत लिहिली जाते. ही वाट सर्वांत सोपी, म्हणून सर्वांत वापरातली. दुसरी वाट नळीसारखी आहे. तिला ‘स्टँडर्ड इनपुट’ म्हणतात. आज्ञावली आधी सुरू होते आणि मग पडदा मजकूर त्या नळीतून आत सोडतो. तिसरी वाट भिंतीवर लावलेल्या फळ्याची. संगणक मजकूर एका ठरलेल्या नावाखाली त्या फळ्यावर लिहून ठेवतो आणि आज्ञावली आत आल्यावर तो वाचते. चौथी वाट फाइलची, तिचे स्पष्टीकरण नको.

संकेतस्थळांवरही याच वाटा आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत ‘कॉमन गेटवे इंटरफेस’ अर्थात सीजीआय ही पद्धत आखली गेली. वेबपानावरील चौकटींत लिहिलेला मजकूर पलीकडच्या संगणकावरील स्क्रिप्टकडे कसा न्यावा, याचे ते पहिले सर्वमान्य नियम होत. त्यांत दोन प्रकार होते. ‘गेट’ प्रकारात मजकूर संकेतस्थळाच्या पत्त्यालाच शेपटीसारखा जोडला जातो आणि स्क्रिप्टला तो फळ्यावर मिळतो. ‘पोस्ट’ प्रकारात तो नळीतून येतो. सीजीआय आज मागे पडले असले तरी हे दोन प्रकार अद्याप तसेच चालू आहेत.

वाट कोणती निवडावी याला महत्त्व आहे. आज्ञेसोबत दिलेला मजकूर त्याच संगणकावर काम करणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला, चालू आज्ञावल्यांची यादी मागवली असता, बहुधा सरळ वाचता येतो. तसेच ‘गेट’ने पाठविलेला मजकूर ब्राउझरच्या इतिहासात आणि पलीकडच्या संगणकाच्या नोंदवहीत राहून जातो. म्हणून पासवर्ड किंवा पिन या वाटांनी कधीही नेऊ नये. शाखेत एखाद्या उत्साही सहकाऱ्याने स्वतः लिहिलेली छोटी स्क्रिप्ट वापरात असेल, तर ही एक गोष्ट आवर्जून तपासावी.

‘फक्त’ या शब्दाचे मोल

आपल्या गृहसंस्थेच्या कार्यालयाने पहिली वाट निवडली असे धरू. लिपिकाने चौकटी भरल्या आणि बटण दाबले. पडद्याने आज्ञा रचली: पावती लिही, मग नाव, मग पत्ता, मग रक्कम. संगणकाची आज्ञा समजून घेणारा ‘शेल’ नावाचा भाग मोकळी जागा दिसली की तेथे एक शब्द संपला असे मानतो. त्यामुळे पत्त्याच्या चौकटीत केवळ ‘मयूर विहार’ एवढेच लिहिले तरी शेलच्या लेखी पत्ता ‘मयूर’ एवढाच ठरतो, आणि त्यानंतरचा ‘विहार’ रकमेच्या जागी जाऊन बसतो. खरी रक्कम आणखी एक घर मागे सरकते, आणि तिकडे पाहणारे कोणी नसते. नावाच्या चौकटीत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे मराठी रीतीने तीन शब्द लिहिले असतील तर घोटाळा आणखी आधीपासूनच सुरू होतो.

यावर उपाय अवतरणचिन्हांचा. मजकुराच्या दोन्ही बाजूंना ही चिन्हे असली की शेल आतील सर्व शब्द मिळून एकच वस्तू मानतो. धनादेशावर आपण ‘रुपये पाच हजार फक्त’ असे लिहून पुढे रेघ मारतो, त्यामागचा हेतू हाच. रक्कम येथे सुरू झाली व येथे संपली, यात कोणी काही घालावयाचे नाही आणि यातून काही गळावयाचे नाही. अवतरणचिन्ह म्हणजे स्क्रिप्टचे ‘फक्त’.

मात्र एवढ्याने भागत नाही, कारण लिहिणाऱ्यानेच मजकुरात तसलेच चिन्ह लिहिले तर? गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती बांधवांच्या डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा या आडनावांच्या इंग्रजी लेखनात पहिल्या अक्षरानंतर बहुधा अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर लिहिलेला स्वल्पविराम असतो. माहितीच्या कोठारांशी बोलण्याच्या ‘एसक्यूएल’ भाषेत नेमके हेच चिन्ह मजकुराची सुरुवात आणि शेवट दाखविते. परिणामी निष्काळजीपणे लिहिलेल्या आज्ञावलीला असे आडनाव दिले की ती पहिल्याच अक्षरापाशी मजकूर संपला असे समजते आणि उरलेला भाग आज्ञा म्हणून वाचू लागते. तो वाचता न आल्याने ती बंद पडते. पडद्यावर ‘अयोग्य नाव’ असे उमटते. नावात वस्तुतः काहीही अयोग्य नसते. अयोग्य असते ती आज्ञावली, आणि ग्राहकाला आपल्या आडनावातून चिन्ह वगळण्यास सांगणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आधी वगळलेले ते चिन्ह पुढे पॅन कार्ड आणि खात्यावरील नाव जुळत नाही म्हणून पुन्हा ग्राहकालाच हेलपाटे घालावयास लावते.

प्रामाणिक माणसाच्या आडनावाने जी आज्ञावली बंद पडते, तीच अप्रामाणिक माणसाच्या हाती शस्त्र होते. उरलेला भाग आज्ञा म्हणून वाचला जाणार असेल तर कोणी तेथे मुद्दाम वाचता येण्याजोगी आज्ञाच लिहील. नावाच्या चौकटीत ‘सर्व ग्राहकांची यादी दाखव’ या अर्थाचा मजकूर भरला जाईल. या युक्तीचे जाहीर वर्णन डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात आले. तिला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. दहा वर्षांनंतर, २००८ मध्ये, अमेरिकेतील हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स या कार्डांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीत चोरांनी याच वाटेने शिरकाव केला आणि सुमारे १३ कोटी कार्डांची माहिती धोक्यात आली. सूत्रधाराला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. उपाय तोवर सर्वांना ठाऊक होता.

तो उपाय बँकेच्या जुन्या रीतीत फार पूर्वीपासून आहे. पैसे काढण्याच्या छापील पावतीवर वाक्य आधीच छापलेले असते, ग्राहकाने केवळ मोकळ्या जागा भरावयाच्या असतात. नावाच्या जागी एखाद्याने ‘आणि शेजाऱ्याच्या खात्यातूनही दहा हजार द्यावेत’ असे लिहिले, तर रोखपाल ते आदेश म्हणून पाळणार नाही. ते फार तर एक विचित्र नाव ठरेल. तेच वाक्य कोऱ्या कागदावरील अर्जात आले तर मात्र अर्जाचाच भाग ठरते. सुरक्षित आज्ञावली छापील पावतीप्रमाणे वागते. तिची आज्ञा आधी, एकदाच ठरते, आणि ग्राहकाचा मजकूर नंतर, वेगळ्या वाटेने, ठरलेल्या मोकळ्या जागी येऊन बसतो. तो कसाही असला तरी आज्ञा बदलू शकत नाही. मराठीत आपण प्रोग्रामला ‘आज्ञावली’ म्हणतो हे फार चांगले आहे. आज्ञा कोणाची आणि माहिती कोणाची, हा भेद त्या शब्दातच सुचविला गेला आहे.

देवनागरीचे हिशेब

मराठी मजकुरासाठी काही गोष्टी आणखी पाहाव्या लागतात, आणि येथे परदेशी पुस्तकांची फारशी मदत होत नाही. युनिकोडच्या सर्वाधिक वापरातल्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट जागा लागते, देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन. काना, वेलांटी, उकार ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘मयूर विहार’ मध्ये अशी नऊ चिन्हे आहेत. त्यांचे २७ बाइट आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक, असे २८ झाले. हेच नाव ‘गेट’ प्रकाराने पाठवावयाचे तर प्रत्येक देवनागरी बाइटासाठी टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे लिहावी लागतात आणि मोकळ्या जागेसाठी अधिकचिन्ह. दोन शब्दांची लांबी ८२ वर जाते.

आता ‘मयूर विहार फेज १’ हा मजकूर मोजा. तो ४२ बाइट भरतो. पडद्याच्या चौकटीत ४० अक्षरे मावतात म्हणून पडद्याने तो आनंदाने स्वीकारला, पण स्क्रिप्टने मागे ४० बाइटच राखून ठेवले असतील, तर ‘मयूर विहार फेज’ एवढे नीट पोहोचते आणि नेमका शेवटचा आकडा अर्धा कापला जातो. पाकिटावर फेज छापली जाते, कोणती ते मात्र कळत नाही. ज्या वसाहतीत पत्त्याचा सारा भार त्या एका आकड्यावर आहे, तेथे नवे धनादेश पुस्तक पहिल्या फेजऐवजी तिसऱ्या फेजमध्ये फिरत राहू शकते. पिन कोडामुळे पाकीट बहुतेक वेळा सावरले जाते. तरीही आज्ञावली लिहिणाऱ्याने पिन कोडावर विसंबून राहावे, हे आम्हांस मान्य नाही.

आकड्यांचीही तीच गत. ‘५०००’ असे देवनागरीत लिहिले तर पायथॉन भाषेतील स्क्रिप्ट ते पाच हजार म्हणून ओळखते, शेलमधील हिशेब मात्र अडतो. शिवाय आपण रकमेत भारतीय पद्धतीने स्वल्पविराम देतो. एक लाख रुपये ‘१,००,०००’ असे लिहिले आणि पडद्याने ते स्वल्पविरामाने रकाने पाडणाऱ्या फाइलमध्ये तसेच्या तसे टाकले, तर त्या एका रकमेचे तीन रकाने होतात: एक, शून्य शून्य, आणि पुन्हा तीन शून्ये. रकमेच्या रकान्यात एक रुपया उरतो.

अगदी आपल्याच भाषेपुरती एक अडचण आहे ती ‘कऱ्हाड’ मधील अर्ध्या ‘र’ ची. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्यासाठी वेगळे अक्षरचिन्ह वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, स्क्रिप्टला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. खाते उघडताना नाव एका पद्धतीने नोंदले गेले आणि शोधताना दुसऱ्या पद्धतीने टंकले गेले, की समोर उभ्या असलेल्या ग्राहकाला ‘आपले नाव यादीत नाही’ असे सांगण्याची वेळ येते. मजकूर हाती येताच स्क्रिप्टने तो एका ठरलेल्या रूपात आणून मगच साठवावा किंवा शोधावा, हा त्यावरील साधा इलाज.

तपासणी पडद्यानेही करावी आणि स्क्रिप्टनेही. आयएफएस कोडात अकरा खुणा असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी नेहमी शून्य, पुढील सहा शाखेच्या. पाचव्या जागी कोणी ‘ओ’ हे अक्षर लिहिले तर पडद्याने तेथेच थांबविणे सोयीचे. पण पडद्याला वगळून थेट स्क्रिप्टशी बोलणे जाणकाराला शक्य असते, म्हणून पडद्याने तपासले आहे असे समजून स्क्रिप्टने डोळे मिटू नयेत. दाराशी पहारेकरी आहे म्हणून रोखपाल स्वाक्षरी पडताळण्याचे सोडून देत नाही.

मजकूर अचूक पोहोचला, अर्थ चुकला

येथवर मजकूर वाटेत तुटण्याची किंवा त्याची आज्ञा होण्याची गोष्ट झाली. परंतु मजकूर तंतोतंत पोहोचूनही अनर्थ होऊ शकतो. ११ ऑगस्ट २०२० रोजी सिटी बँकेला रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यावयाचे होते. काम ‘फ्लेक्सक्यूब’ या प्रणालीवर चालले होते. ही प्रणाली मूळची मुंबईच्या आय-फ्लेक्स सोल्युशन्सची, पुढे ओरॅकलकडे गेलेली. मूळ कर्जाची रक्कम बँकेबाहेर जाऊ नये, केवळ अंतर्गत खात्यात दाखविली जावी, यासाठी पडद्यावरील तीन चौकटींत खूण करून खाते क्रमांक देणे आवश्यक होते. एकाच चौकटीत तो दिला गेला. नोंद करणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा अशा तिघांनाही ती एक चौकट पुरेशी वाटली. पडद्याने इशारा दिला तो असा की पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जावयाचे का? व्याज बाहेर जाणारच होते, म्हणून इशारा स्वाभाविक वाटला. किती पैसे जातील हे त्यात नव्हते. सुमारे ९० कोटी डॉलर गेले. काहींनी परत केले, सुमारे ५० कोटी डॉलर अडकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने कर्जदात्यांच्या बाजूने निर्णय दिला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला तेव्हा बँकेचा मार्ग मोकळा झाला.

या प्रकरणात आज्ञावलीने सांगितले तेच केले, हे लक्षात घेतले पाहिजे. आपल्याला काय समजले हे तिने माणसाला त्याच्या भाषेत परत सांगितले नाही. धनादेशावर रक्कम अंकांतही लिहितात आणि अक्षरांतही, व दोहोंत तफावत असेल तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानुसार अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. एकच गोष्ट दोनदा, दोन तऱ्हांनी सांगावयास लावणे ही जुनी शहाणपणाची रीत आहे. चांगला पडदा तेच करतो. ‘पुढे जावयाचे का’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘अमुक नावाच्या खात्यात एक लाख रुपये जमा होतील’ असे लिहून दाखवितो.

नेफ्ट आणि आरटीजीएसच्या बाबतीत हे आता घडू लागले आहे. या व्यवहारांत जमा होते ती खाते क्रमांकानुसार, चौकटीत लिहिलेल्या नावानुसार नव्हे. नाव लिहून घेतले जाई, पण ते खात्याशी पडताळून ग्राहकाला दाखविले जात नसे, आणि एक आकडा चुकला तर पैसे तिऱ्हाइताकडे जात. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकान्वये बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत अशी सोय करण्यास सांगितले की खाते क्रमांक आणि आयएफएस कोड भरताच त्या खात्याच्या धारकाचे नाव पाठविणाऱ्यासमोर यावे. हे नाव आपण लिहिलेले नसते. पलीकडच्या बँकेच्या नोंदीतून ते आलेले असते. म्हणून ते वाचण्यासाठी दोन क्षण थांबावे. नाव ओळखीचे नसेल तर पुढचे बटण न दाबता खाते क्रमांक घेणाऱ्याकडून पुन्हा मागवून घ्यावा, आणि शाखेत फॉर्म भरून व्यवहार करणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकांसाठी ते नाव काउंटरवरील सहकाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावे.